जीप : नांव आणि लौकिक

श्रोतेहो, कांहीं वस्तूंच्या नशिबीं असें भाग्य असतें कीं, त्यांचें विशेषनाम लोकांच्या तोंडीं रुळतां रुळतां सामान्यनाम होऊन बसतें. ‘डालडा’ हा एका व्यापारी मालाचा छाप. परंतु आपल्या स्वयंपाकघरांत कोणतेंहि वनस्पति तूप डालडाच म्हणून ओळखलें गेलें. मोटारींच्या जगांत हें भाग्य जीप या नांवाला लाभलें. सातारा जिल्ह्यांतील पाटणच्या बाजारांत कोणाहि खेडुताला विचारावें, तर उंच बांध्याची, मागें समोरासमोर बांकें टाकलेली प्रत्येक गाडी त्याच्या लेखीं जीपच असते. लाडानें अथवा रागानें तो तिला ‘जिपडें’ म्हणेल, इतकेंच. ती कोणत्या कारखान्यांत तयार झाली आणि तिच्या नांवावर कायद्यानें हक्क कोणाचा, याची त्याला फारशी पर्वा नसते. आज या नांवाचा इतिहास आणि त्याचा लौकिक यांविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. आणि हा लौकिक खरोखर कोणाचा, हा प्रश्नहि आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

जीपेचा जन्म युद्धाच्या घाईंत झाला. १९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकन सैन्यानें १३५ कारखानदारांना पत्रें धाडून एक हलकी, चारहि चाकांना ओढ असलेली, टेहळणीस उपयोगी पडेल अशी गाडी मागविली. नमुना सादर करण्यास मुदत होती अवघी ४९ दिवसांची. इतक्या थोड्या अवधींत काम अंगावर घेण्यास बहुतेक कारखाने धजले नाहींत. पुढें आली ती पेनसिल्व्हानियांतील अमेरिकन बँटम नांवाची एक डबघाईस आलेली लहान कंपनी. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यानें कांहीं दिवसांतच आराखडा काढला, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं पहिला नमुना सैन्याच्या हवालीं झाला. गाडी पसंत पडली. पण लहान कारखान्याच्यानें हजारों गाड्या होणार नाहींत, म्हणून सैन्यानें तिचे आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना दाखविले. विलीजपाशीं बार्नी रूस या अभियंत्यानें सुधारलेलें ६० अश्वशक्तीचें दणकट इंजिन होतें. त्याच्या बळावर तिचा नमुना मुख्य ठरला. युद्ध संपेपर्यंत विलीज व फोर्ड या दोघांनीं मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. बँटमच्या वांट्यास तीन हजारांहूनहि कमी आल्या. आई एक आणि नांव दुसरीचें, असा हा प्रकार झाला.

नांवाची उत्पत्तीहि अशीच वादग्रस्त आहे. कोणी म्हणतात, सैन्याच्या कागदांतील ‘जी’ आणि ‘पी’ या दोन अक्षरांचा उच्चार होतां होतां जीप झाली. कोणी म्हणतात, ‘पॉपाय’च्या चित्रकथेंत १९३६ सालीं एक अजब प्राणी आला, त्याचें नांव जीप, तो वाटेल तेथें जाऊं शके, म्हणून शिपायांनीं गाडीला तेंच नांव दिलें. विलीजनें मात्र जीपेची निर्मिति आपलीच, अशी जाहिरात चालविली. तेव्हां अमेरिकेच्या व्यापार आयोगानें चौकशी करून १९४८ सालीं निर्णय दिला कीं, ही गाडी एकट्या विलीजची निर्मिति नव्हे, आणि तसा दावा तिनें करूं नये. तरीहि १९५० सालीं व्यापारचिन्ह विलीजलाच मिळालें. श्रेय कोणाचें हें न्यायानें ठरलें. पण नांव बाजारांत टिकून राहिलें त्याचें झालें.

आतां या गाडीची करामत कोणती, तें पाहूं. साध्या मोटारींत इंजिनाची शक्ति दोनच चाकांना मिळते. त्यांतील एक चाक चिखलांत रुतलें म्हणजे तें जागच्या जागीं गरगरतें, आणि सारी शक्ति फुकट जाते. जीपेंत गिअरपेटीच्या मागें आणखी एक पेटी असते. तिचा दांडा ओढला कीं पुढच्या चाकांनाहि ओढ मिळते. दुसरा ओढला कीं वेग कमी होऊन नेट जवळजवळ दुप्पट होतो. घाटाच्या चढणीवर शहाणा गाडीवान बैलांना पळवीत नाहीं, हळूं पण दमानें ओढावयास लावतो. तीच ही युक्ति. त्यांत पुढच्या-मागच्या आंसांमधील अंतर अवघें ८० इंच, त्यामुळें अरुंद वळणावर ती सहज फिरते. आणि पोट जमिनीपासून उंच, त्यामुळें दगडधोंडे खालून निघून जातात. सुख म्हणाल तर कांहीं नाहीं. बसावयाची जागा कठीण, स्प्रिंगा ताठ, पाऊस दोन्ही बाजूंनीं आंत, आणि पेट्रोलची तहान दांडगी. तिची बिघाडी मात्र खेड्यांतील मेकॅनिक झाडाखालीं बसून दुरुस्त करी, हा गुण आडरानांत फार मोलाचा.

हिंदुस्थानांत ही गाडी रुजली ती मुंबईच्या मार्गानें. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे बंधु व गुलाम मुहंमद यांनीं २ ऑक्टोबर १९४५ रोजीं ‘महिंद्र अँड मुहंमद’ ही पेढी पोलादाच्या व्यापारासाठीं स्थापन केली. कैलासचंद्र युद्धकाळांत सरकारी खरेदीच्या कामासाठीं वॉशिंग्टनला होते. तेथें त्यांची गांठ बार्नी रूस यांच्याशीं पडली आणि रस्ते नसलेल्या देशाला ही गाडी हवी, हें त्यांच्या ध्यानांत आलें. पुढें फाळणी झाली. गुलाम मुहंमद पाकिस्तानांत जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री व नंतर गव्हर्नर-जनरल झाले. पेढीचें नांव १९४८ सालीं ‘महिंद्र अँड महिंद्र’ असें बदललें. त्याच सुमारास मुंबईंत माझगांव येथें परदेशांतून आलेले सुटे भाग जोडून जीपगाड्या तयार होऊं लागल्या आणि यथावकाश एकेक भाग येथेंच बनूं लागला. सुरुवातीस मात्र या नांवाला एक डागहि लागला. १९४८ सालीं सैन्यासाठीं लंडनमार्फत जुन्या जीपगाड्यांची खरेदी ठरली; त्यांतील १५५ गाड्या मद्रास बंदरावर उतरल्या, त्या निकामी निघाल्या. स्वतंत्र भारताच्या राजकारणांतील पहिला मोठा गैरव्यवहाराचा गवगवा ‘जीप-प्रकरण’ या नांवानें झाला, हें स्मरणांत ठेवण्याजोगें आहे.

पाटणसारख्या प्रदेशांत या गाडीचें महत्त्व कां वाढलें, हें तेथील भूगोल पाहिला म्हणजे कळतें. कोयना आणि केरा यांच्या संगमावर हें गांव वसलें आहे. कऱ्हाडहून चिपळुणास जाणारी मोठी सडक पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाटानें कोंकणांत उतरते. परंतु सडक सोडली कीं मोरणा, वांग, तारळी, केरा अशीं एकाहून एक निराळीं खोरीं लागतात, आणि डोंगराच्या उतारावर चार-दहा घरांच्या वाड्या विखुरलेल्या दिसतात. तांबड्या मातीचा लोणा, ओढे-ओहोळ, आणि पावसाळ्याचे चार महिने. कोयनेच्या पाणलोटांतील नवजा येथें कित्येक वर्षीं ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा मुलखांत मोटारीची किंमत तिच्या वेगावर नव्हे, ती परत येते कीं नाहीं यावर ठरते.

येथें जीप प्रथम सरकारची म्हणूनच ओळखली गेली. १९५४ सालीं कोयना धरणाच्या कामास आरंभ झाला. धरण झालें, वीज आली, मुंबईचे कारखाने चालले. आणि सुमारे शंभर गांवांची जमीन शिवसागराच्या पाण्याखालीं गेली. तेथील कुटुंबें ठाणें, कुलाबा, सोलापूर, सांगली अशीं पांगलीं. दुर्गम गांवच्या माणसानें मोजणीदार पाहिला तो जीपेंतून उतरतांना. नोटीस आली ती जीपेंतून. निवडणुकीचा उमेदवार आला तोहि जीपेंतून. म्हणून या गाडीविषयीं तेथें आशा आणि धास्ती या दोन्ही भावना एकत्र नांदल्या. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे भूकंप झाला, सुमारे १८० माणसें दगावलीं, कोयनानगर बव्हंशीं जमीनदोस्त झालें. अशा आपत्तींत माणूस धन्याचें नांव विचारीत नाहीं. रस्त्याकडे कान लावून इंजिनाचा आवाज येतो कीं नाहीं, एवढेंच ऐकतो.

पुढें सरकारी जीप जुनी झाली, खाजगी जीप आली, आणि तिच्याबरोबर ‘वडाप’ आलें. वडाप म्हणजे माणसें भरलीं कीं सुटणारी गाडी. तिला वेळापत्रक नाहीं; जेथें एस्. टी. दिवसांतून एकदां येते किंवा येतच नाहीं, तेथें ती जाते. बाजारच्या दिवशीं कोंबड्या, भाताचीं पोतीं, शाळेचीं पोरें आणि दवाखान्यास निघालेली म्हातारी, सारीं तींत मावतात. नऊ-दहा जणांच्या जागेंत अठरा जण बसतात. दोघे मागच्या पायरीवर लोंबकळतात. कायद्यानें हें गैर आहे, आणि उतारावर ब्रेक दगा देतील तर तें जीवघेणेंहि आहे. एस्. टी.चें उत्पन्न यानें बुडतें, हें गाऱ्हाणेंहि खोटें नाहीं. परंतु पोलिसानें वडाप बंद पाडलें, तर त्या दिवशीं वरच्या वाडीची बाळंतीण झोळींतून खांद्यावर खालीं आणावी लागते, हेंहि तितकेंच खरें.

येथें एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. वडापास लागलेल्या बहुतेक गाड्यांना मूळ जीपेचा मुख्य गुणच नव्हता. पेट्रोल महागलें, तेव्हां गाड्यांत डिझेल इंजिनें बसलीं; बैठक लांबविली गेली; आणि किंमत उतरावी म्हणून पुढच्या चाकांची ओढ पुष्कळशा गाड्यांतून काढून टाकली गेली. कमांडर, मार्शल या महिंद्रच्याच गाड्या. ट्रॅक्स ही पुण्याच्या बजाज टेम्पोची. ट्रेकर ही हिंदुस्थान मोटर्सची. लोकांनीं या सर्वांना जीपच म्हटलें. गुण गेला तरी नांव राहिलें, आणि ओढीची उणीव हांकणाऱ्यानें आपल्या अंगच्या कौशल्यानें भरून काढली. कोणत्या ओढ्याला कितपत पाणी असतां गाडी घालावी, कोणत्या वळणावर दगडाचा आधार घ्यावा, हें ज्ञान कारखान्यांतून येत नाहीं.

नांवाचा वाद मात्र न्यायालयांत चालूच राहिला. विलीज कंपनी १९५३ सालीं कैसरकडे गेली. पुढें नांव अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ सालीं क्रायस्लरकडे, आणि अखेर फियाटच्या संगतीनें आजच्या स्टेलांटिसकडे आलें. महिंद्रनें जुन्या जीपेच्या वंशांतील ‘रॉक्सर’ नांवाची गाडी २०१८ सालीं अमेरिकेंत विकावयास काढली, तेव्हां तिचें रूप आमच्या जीपेसारखें आहे, अशी तक्रार फियाट क्रायस्लरनें केली. २०२० सालीं निकाल महिंद्रविरुद्ध लागला. चेहरा बदलल्यावर मग परवानगी मिळाली. गंमत अशी कीं, जीप हें अस्सल नांव कपाळावर मिरविणारी कंपास ही गाडी २०१७ पासून आपल्या पुणें जिल्ह्यांत रांजणगांवीं तयार होऊं लागली. म्हणजे नांव रांजणगांवीं आलें, वंश मुंबईंत वाढला, आणि लौकिक पाटणच्या चिखलांत कमावला गेला.

आज ‘थार’ ही महिंद्रची नवी गाडी शहरांतील सुखवस्तु तरुणांची आवड झाली आहे. २०१० सालीं ती प्रथम आली, २०२० सालीं नव्या रूपानें. पावसाळ्यांत सडावाघापूरचा उलटा धबधबा पाहावयास अशा गाड्यांची रीघ लागते. पाहण्यास कोणाची हरकत असावी? पण सड्यावरील मातीचा थर बोटभर असतो. त्यांत कीटकभक्षक दवबिंदूसारख्या वनस्पति चार महिने जगून घेतात. गाडी चढते म्हणून ती सड्यावर घालावी, हा पराक्रम नव्हे. कोयना अभयारण्य २०१२ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें, तें या नाजूक सृष्टीमुळेंच.

म्हणून प्रारंभींचा प्रश्न पुन्हां विचारूं. जीपेचा लौकिक कोणाचा? आराखडा बँटमचा, इंजिन विलीजचें, व्यापार महिंद्रचा, हें सर्व खरें. परंतु आमच्याकडे तिची कीर्ति वाढली ती रस्ते नव्हते म्हणून. ज्या वाडीस डांबरी सडक, वेळेवर येणारी एस्. टी. आणि जवळ दवाखाना आहे, तेथें जीपेचें कौतुक कोणी करीत नाहीं. २०२१ च्या जुलै महिन्यांत अतिवृष्टीनें आंबेघर, मिरगांव, ढोकावळें येथें डोंगर कोसळले, घरें माणसांसह गाडलीं गेलीं; आणि रस्तेच तुटल्यावर चारहि चाकांची ओढ असून काय उपयोग? गाडीची शक्ति रस्त्याच्या टोकाशीं संपते. तेथून पुढें माणसाचे पायच चालतात.

तेव्हां, श्रोतेहो, खडबडीत गाडीचें गुणगान करतांना हा हिशेब विसरूं नये. तिची थोरवी ही आपल्या उणिवेची खूण आहे. पाटणच्या डोंगरांतील शेवटच्या वाडीला जीपेची आठवण केवळ जुन्या काळची गोष्ट म्हणून सांगतां यावी, असा दिवस आणणें हें ज्यांच्या हातीं आहे, त्यांनीं तो आणावा. तोंवर वरच्या वळणावर दिसणारा तो एक दिवा तेथील लोकांना मोलाचाच राहील.