पिन लेकराला पाठ, आईला नाही

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका गटाच्या कोषाध्यक्ष ताईंनी मांडलेले मनोगत. त्यांच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.)



मला भाषणाची सवय नाही. गटाच्या बैठकीत हिशेब वाचून दाखवते, तेवढंच माझं बोलणं. आज जो हिशेब सांगणार आहे तो माझाच आहे, आणि त्यात 11,460 रुपये कमी आहेत.

माझा मुलगा नववीला. लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली तेव्हा आम्ही हप्त्याने मोबाइल घेतला. शाळा परत शाळेत गेली, मोबाइल घरीच राहिला. संध्याकाळी त्यावर बंदुकीचा गेम चालायचा. मी म्हणायचे, बाहेर उंडारण्यापेक्षा डोळ्यासमोर आहे ना, खेळू दे.

त्या गेममध्ये डायमंड नावाचे आभासी पैसे असतात. त्यावर खेळातल्या माणसाला कपडे, बंदुका घेता येतात. गेमच्या आत ते खरे पैसे भरून विकत मिळतात. तिथेच एक 'भाऊ' त्याला भेटला. पंधरा दिवस सोबत खेळला, गोड बोलला, आणि मग म्हणाला, मी अर्ध्या भावात डायमंड देतो. पोराने 40 रुपये पाठवले आणि बायांनो, डायमंड खरंच आले. लबाड माणूस पहिल्यांदा खरंच देतो. आपल्या भिशी बुडवणाऱ्यानेही पहिला नंबर वेळेवरच दिला होता, आठवतं ना?

मग 500 पाठवले. काहीच आलं नाही. 'अडकलंय, 1,000 टाक म्हणजे दोन्ही सुटतील.' टाकले. मग टॅक्स म्हणून 1,920. मग 'तुझं खातं लॉक झालं, दंड भर', 3,000. शेवटी म्हणाला, 'तुझे सगळे पैसे एकदम परत देतो, हा क्यूआर स्कॅन कर आणि पिन टाक.' पोराने पिन टाकला आणि 5,000 गेले. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. एवढं एक वाक्य मला आधी माहीत असतं तर ते 5,000 तरी वाचले असते.

तुम्ही विचाराल, त्याला पिन कसा माहीत? मीच दिला. रिचार्ज त्याच्याकडून, लाइटबिल त्याच्याकडून. मला तर तो पिन धड आठवतही नव्हता. किती जणींचं असं आहे? हात वर करू नका, मला इथून चेहरे दिसतायत.

आता खरं दुखणं सांगते. खात्यात 12,800 होते, त्यातले माझे फक्त 5,000. बाकीचे 7,800 गटाचे होते. बँक लांब, म्हणून बहुतेक जणी बचत आणि कर्जाचा हप्ता माझ्या फोनवरच टाकायच्या आणि मी महिन्याला एकदा जाऊन भरायचे. भरायला गेले त्या दिवशी खात्यात 1,340 निघाले.

घरी येऊन मी त्याला मारलं. रडत रडत तो म्हणाला, "500 गेले तेव्हाच सांगणार होतो, पण तू मारशील म्हणून थांबलो." मी त्याला खूप बोलले. आणि मग मी काय केलं? मीही लपवलं. बोरमाळ गहाण टाकली, गटाचे पैसे भरले आणि नऊ दिवस कुणाला एक शब्द सांगितला नाही. लोक म्हणतील, कोषाध्यक्ष बाईनेच पैसे खाल्ले. म्हणजे लेकरू मला भ्यालं आणि मी तुम्हाला भ्याले. त्या चोराला तेवढंच हवं होतं.

दहाव्या दिवशी बँक सखीला सांगितलं. तिने आधी विचारलं, "1930 ला फोन केला का?" हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. फोन केल्यावर आपली बँक कोणती, किती वाजता किती गेले, व्यवहाराचा नंबर काय, हे सांगायचं. मग पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते रोखायचा प्रयत्न होतो. पण चोर पैसे तासाभरातही दुसरीकडे, तिथून तिसरीकडे फिरवतो. माझे तर कधीच निघून गेले होते. तक्रार दिली आहे, अजून काही हाती नाही. शेजारच्या गावातल्या एका ताईच्या पुतण्याने दुपारी चूक केली आणि दुपारीच सांगितली. तिने लगेच 1930 लावला. तिची निम्म्याहून जास्त रक्कम अडकवता आली. परत हातात पडायला बरेच महिने लागले, पण पडली.

तक्रार cybercrime.gov.in या पोर्टलवरही करता येते. बँकेलाही लगेच कळवायचं. पिन आपल्याच हातून टाकला गेला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेवर, असा नियम रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच केला. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे चोरांचेही नंबर असतात. पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या. आणि हो, मला नंतर एकाचा फोन आला, "ताई, तुमचे गेलेले पैसे काढून देतो, 1,000 फी भरा." जखमेवर बसायला माश्या येतातच.

एक वेगळी गोष्ट थोडक्यात. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, पत्ते-बित्ते, यांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून नवरा किंवा पोरगा त्यात फसला असेल तरी 'आपणच आत जाऊ' या भीतीने गप्प बसू नका.

आमच्या गटाला मी अखेर बैठकीत सगळं सांगितलं. दोघी रागावल्या, बरोबरच होतं. एक म्हातारी मावशी म्हणाली, "माझ्या नातवाचेबी 600 गेलेत, म्या कुणाला सांगितलं नव्हतं." मग आणखी एक बोलली. बारा जणींच्या गटात आम्ही तिघी निघालो. आता हप्ता कुणाच्याही स्वतःच्या खात्यावर घ्यायचा नाही, बैठकीनंतर दोघींनी मिळून गटाच्या खात्यात भरायचा, असा ठराव वहीत आहे.

मुलगा अजून खेळतो. मी बंद नाही केलं. पण फोनवर पैशाचं ॲप उघडायचं असेल तर मी उघडते, डोळ्याला चष्मा लावून, सावकाश.

चहाच्या वेळी बँक सखी त्या कोपऱ्यातल्या टेबलाजवळ बसणार आहेत. ज्यांना पिन बदलायचा आहे त्यांनी फोन घेऊन जा. नवे आकडे तुम्ही स्वतः दाबायचे, त्या तोंड फिरवून बसतील. जुना पिन मात्र लागेल. आठवत नसेल तर आत्ताच लेकराला फोन लावून विचारून घ्या.