समुद्राच्या तळाचा हिशेब

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



लॅमिंग्टन रोडवर उभे राहून समुद्राच्या तळाविषयी बोलायचे, हे ऐकून काहींना हसू आले असेल. पण आपले हे जुळे शहर अशा उंचवट्यावर बसले आहे, की इथला पाऊस दोन दिशांना वाटला जातो. धारवाडच्या सोमेश्वराजवळ उगवणारी शाल्मला पश्चिमेला जाऊन बेडतीला मिळते. ते पाणी मागोडला कोसळते आणि गंगावळी होऊन अंकोला तालुक्यात अरबी समुद्रात शिरते. इकडे बेण्णीहळ्ळाचे पाणी मलप्रभेतून कृष्णेला, म्हणजे बंगालच्या उपसागराला जाते. दोन्ही समुद्रांना कचरा पुरवण्याची सोय आपल्याकडे आहे!

तरंगणारा कचरा किनाऱ्याला लागतो, लोक उचलतात, फोटो निघतात. तळाला गेलेला कोण पाहणार? पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक आणि नायलॉनची जाळी समुद्राच्या पाण्याहून जड असतात. बाटलीत पाणी शिरले की ती बुडालीच. पातळ पिशवी आधी तरंगते, मग तिच्यावर शेवाळ आणि शिंपले चढतात आणि तीही खाली बसते. जपानी शास्त्रज्ञांनी खोल समुद्रातल्या जुन्या चित्रफिती तपासल्या, तेव्हा मारियाना गर्तेत १०,८९८ मीटर खोलीवर प्लास्टिकची पिशवी दिसली. चित्रण १९९८ सालचे होते.

हा कचरा मोजतात कसा? ट्रॉलरचे जाळे तळावरून ओढतात. जाळ्याच्या तोंडाची रुंदी गुणिले ओढलेले अंतर, एवढे क्षेत्र झाडले गेले. त्यात आलेल्या वस्तू प्रकारवार मोजायच्या, वजन करायचे आणि दर चौरस किलोमीटरला किती ते काढायचे. युरोपात उत्तर समुद्रात मासळीच्या सर्वेक्षणातच ही नोंद होते, वेगळी बोट लागत नाही. खडकाळ तळावर मात्र जाळे चालत नाही आणि बारीक तुकडे आसांतून निसटतात. तिथे पाणबुडे किंवा कॅमेरा हवा. सरकारी कामाचे मोजमाप पुस्तक भरणाऱ्या माझ्यासारख्याला यातली मेख लगेच कळते. एका वर्षी नग लिहिले आणि दुसऱ्या वर्षी नुसते वजन, तर कचरा वाढला की घटला हे कुणालाच सांगता येणार नाही.

कारवार, मालपे, मंगळूरहून ट्रॉलर निघतात. जाळ्यात आलेला कचरा बंदरात कोणी घेत नसेल, तर खलाशी तो परत पाण्यात टाकणार. बोटीवरची जागा मासळीसाठी असते, त्याला दोष कसा द्यायचा? केरळने २०१७ साली कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात 'शुचित्व सागरम' ही योजना सुरू केली. बोटींना पिशव्या दिल्या. आलेले प्लास्टिक बायकांनी निवडले, धुतले आणि ते बारीक करून रस्त्याच्या डांबरात घातले. माझे म्हणणे एवढेच, की अशा प्रत्येक पिशवीवर जाळे कुठे टाकले होते ते ठिकाण आणि पिशवीचे वजन लिहावे. बोटीवर जीपीएस असतेच. तळाची नोंदवही जवळजवळ फुकटात तयार होईल, आणि हे आपल्या किनाऱ्यावरही करता येईल.

सुटीत मुलांना घेऊन कारवारला जाल, तेव्हा बैतखोल बंदरावर थोडे थांबा. मासळीचा भाव विचारून झाला, की जाळ्यात आणखी काय आले होते आणि त्याचे काय केले, तेही विचारा.