ताळेबंद आणि बेहडा

पेशवाईच्या दफ्तरात हिशेबाचे दोन शब्द शेजारी शेजारी नांदत असत. झालेल्या जमाखर्चाचा गोषवारा तो ताळेबंद, आणि पुढे काय येईल व काय जाईल याचा अंदाज तो बेहडा. पहिला शब्द आजही प्रत्येक पतपेढीच्या वार्षिक अहवालात छापला जातो. दुसरा इतिहासाच्या ग्रंथांत जाऊन बसला. पण शब्द गेला म्हणून त्यामागची गरज गेली नाही. विद्यापीठांतून आज जे व्यवस्थापकीय लेखाशास्त्र शिकविले जाते, ते या बेहड्याचेच शास्त्र होय. ताळेबंद मालकाला, सावकाराला आणि सरकारला काय घडले ते सांगतो. व्यवस्थापकीय हिशेब कारभाऱ्याला आता काय करावे हे ठरविण्यास साहाय्य करतो.

आपल्याकडे या विद्येची बैठक जुनी आहे. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले. परिव्यय लेखापालांची संस्था १९४४ साली स्थापन झाली आणि १९५९ च्या कायद्याने तिला वैधानिक स्थान मिळाले. आज वाणिज्याच्या पदवीसाठी बसणाऱ्या विद्यार्थ्याला स्थिर खर्च, बदलता खर्च, ना नफा ना तोटा बिंदू हे शब्द तोंडपाठ असतात. तरीही हा विषय त्याला बहुधा अंकगणिताच्या रूपानेच भेटतो. प्रश्नपत्रिकेत सांगितलेले असते की, कारखान्याचे भाडे प्रत्येक विभागाने व्यापलेल्या जागेच्या प्रमाणात वाटावे. विद्यार्थी ते वाटतो, बेरीज जुळते आणि गुण मिळतात. जागेच्या प्रमाणातच का, कामगारांच्या संख्येप्रमाणे का नाही, हे त्याला कोणी विचारीत नाही. प्रत्यक्ष जगात मात्र सारा वाद त्या ‘का’ पाशीच असतो.

हे स्पष्ट होण्यासाठी एका गावाकडे पाहू. बंगळूरच्या उत्तरेस देवनहळ्ळी आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून ते इतिहासात प्रसिद्ध आहे. तेथील चकोत्रा फळाचे नाव दूरवर गेले आहे, आणि या भागात ‘बंगळूर ब्ल्यू’ जातीच्या काळ्या द्राक्षांचे मळेही आहेत. अशा एका मळ्याचा काल्पनिक हिशेब मांडू. खांब, तारा, खते, मजुरी असे सारे धरले तर द्राक्षे किलोमागे पंधरा रुपयांना पडतात. बाजारात भाव बारा रुपये आहे. तोडणी, बांधणी आणि वाहतूक यांना किलोमागे आठ रुपये लागतात. माल तोडावा की वेलावरच सोडावा? पंधरा आणि बारा यांची तुलना करणारा म्हणेल, तोटा आहे, सोडून द्या. परंतु खांबांचा आणि खतांचा पैसा तर आधीच गेला. तो बुडीत खर्च होय. माल तोडला तर किलोमागे चार रुपये हाती येतात, न तोडला तर तेही नाहीत. तेव्हा तोडणेच शहाणपणाचे. मात्र त्याच शेतकऱ्याने, नवा मळा लावू का, असे विचारले, तर आठाचा आकडा कामाचा नाही. तेथे पंधराच विचारात घेतला पाहिजे. माल तोच, माणूस तोच. प्रश्न बदलला आणि खर्च बदलला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी १९२३ साली सामाईक खर्चांवरील आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला होता. प्रत्येक हेतूचा खर्च वेगळा असतो. सर्व प्रश्नांना पुरेल असा एकच खरा खर्च नसतो.

आता याच तालुक्यातील मोठा व्यवहार पाहा. मे २००८ मध्ये येथे बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला. विमानतळाच्या उत्पन्नाचे दोन प्रवाह असतात: एक विमाने उतरण्याचे व प्रवाशांचे शुल्क, दुसरा दुकाने, उपाहारगृहे, वाहनतळ यांचे उत्पन्न. इमारत एकच, छत एकच. मग दुकानांचा नफा प्रवाशांचे शुल्क कमी करण्यास वापरावा की चालकाला ठेवू द्यावा? सारे उत्पन्न एका गल्ल्यात धरले तर शुल्क उतरते. दोन गल्ले केले तर ते चढते. २०१६ च्या राष्ट्रीय विमान वाहतूक धोरणाने मधला मार्ग काढला आणि विमानेतर उत्पन्नाचे ३० टक्के शुल्काच्या भरपाईस लावण्याचे ठरविले. हा तीसचा आकडा कोणत्याही गणितातून आपोआप निघालेला नाही. प्रवाशाचा खिसा आणि गुंतवणूकदाराचा उत्साह यांच्यामध्ये केलेला तो एक निवाडा आहे. परीक्षेत ज्याला आपण ‘वाटपाचा पाया’ म्हणतो, तो येथे लक्षावधी प्रवाशांच्या तिकिटात उतरतो.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. याच तालुक्यातील चन्नरायपट्टण परिसरात हवाई उद्योगांसाठी १,७७७ एकर जमीन घेण्याचा बेत होता. शेतकऱ्यांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला, आणि १५ जुलै २०२५ रोजी कर्नाटक शासनाने तो बेत सोडल्याचे जाहीर केले. या निर्णयाच्या गुणदोषांत मी जात नाही. परंतु हिशेबाच्या दृष्टीने प्रश्न असा की, त्या जमिनीची किंमत कोणती? खरेदीखतावरची, की तिच्यावर दरवर्षी पिकणाऱ्या फळाफुलांची व भाजीपाल्याची, की तेथे उभ्या राहू शकणाऱ्या कारखान्याची? एक वाट धरताना दुसरीचे जे फळ सोडावे लागते, त्याला शास्त्रात संधी परिव्यय म्हणतात. तो कोणत्याही कीर्दीत लिहिला जात नाही, कारण त्याची पावती नसते. पण ज्याला ते फळ सोडावे लागते, त्याला तो रोख रकमेइतकाच खरा वाटतो.

म्हणून, श्रोतेहो, हा विषय केवळ वाणिज्याच्या विद्यार्थ्यांचा मानू नये. साहित्य किंवा इतिहास शिकून शासनसेवेत आलेल्या माणसापुढेही रोज आकडे येतात: एस.टी.चा तोट्यातला मार्ग, पटसंख्या घटलेली शाळा, दुर्गम गावची पाणीयोजना. तोट्यातला मार्ग बंद केला तर डेपोचे भाडे आणि व्यवस्थापकाचा पगार वाचत नाही. तो बोजा उरलेल्या मार्गांवर पडतो आणि त्यांतला आणखी एखादा तोट्यात दिसू लागतो. हे ज्याला उमगत नाही, तो काटकसरीच्या नावाखाली सेवेचाच संकोच करीत जातो.

विद्यापीठांनी विद्यार्थ्याला आकडेमोड अवश्य शिकवावी. तिच्यावाचून पुढचे काही साधत नाही. आता ती यंत्रे क्षणात करतात, हे खरे. पण म्हणूनच उत्तरपत्रिकेत आणखी एक प्रश्न असावा: हा खर्च तुम्ही कोणासाठी आणि कोणत्या निर्णयासाठी मोजलात, आणि तो वेगळ्या रीतीने मोजला असता तर कोणाचे काय बदलले असते? ज्याला याचे उत्तर नीट देता आले, त्याच्या हाती बेहडा निर्धास्तपणे सोपवावा.