जुनी गाडी आणि आपले कारभारीपण
(वार्षिक कार्यकर्ता मेळाव्यात केलेले भाषण)



मला या सत्रासाठी ‘वाहतूक’ हा विषय दिला आहे. सकाळी इतका सुंदर बायबल अभ्यास झाला आणि त्यावर लगेच डिझेल-ग्रीसची चर्चा, म्हणजे काहींना डोंगरावरून धाडकन खाली आल्यासारखे वाटेल. मला तसे वाटत नाही. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. डिप्लोमाला असताना मी त्यावर निबंधही लिहिला होता. त्याने जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस ओतला, उतारशाळेत नेले, खर्चाचे पैसे दिले. पण मधे एक गोष्ट आहे, तिच्यावर कोणी उपदेश करत नाही. त्याने त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले. म्हणजे ते जनावर त्या दिवशी जखमी माणसाचे ओझे वाहण्याजोगे होते. त्याला चारा कोणी घातला, त्याचे खूर कोणी पाहिले, हे लूक लिहीत नाही. मी आज त्या जनावराविषयी बोलणार आहे.

आपली पिकअप तुम्ही सगळे ओळखता. कंपनीचे नाव घेत नाही, फुकटची जाहिरात व्हायला नको. डबल केबिन, अडीच लिटरचे डिझेल इंजिन, चारही चाकांना ताकद देणारी. २०१२ चे मॉडेल. आपण ती जुनी घेतली तेव्हा मीटरवर १ लाख ७४ हजार किलोमीटर होते, आज ३ लाख ११ हजार आहेत. हे किलोमीटर हमरस्त्याचे नाहीत. चांदशैली घाट, देवगोई घाट, मोलगीच्या पुढचे खडीचे रस्ते आणि पाड्यांकडे जाणाऱ्या त्या वाटा, ज्यांना रस्ता म्हणायला आपण केवळ सवयीने शिकलो आहोत. वसतिगृहाचे धान्य, बियाणे, आमचुराची पोती, आरोग्य शिबिराच्या पेट्या, आणि वेळ आली की अडलेली बाई, हे सगळे याच गाडीने नेले.

यंदा दोन गोष्टी एकदम समोर आल्या. एक, कमिटीत प्रश्न निघाला की एवढी चाललेली गाडी ठेवायची की विकायची. दुसरी, शहरातल्या एका मंडळीने खास गाडीसाठी देणगी पाठवली. देणगीची बातमी कळताच आपल्या तरुण मंडळींनी यादी केली: रुंद मोठे टायर, पुढे लोखंडी गार्ड, टपावर एलईडी लाइटची पट्टी. यादी उत्साहाने केली होती आणि मी ती उत्साहानेच वाचली. पण माझे मत वेगळे आहे आणि ते कारणांसह सांगतो.

आधी विकण्याचे. नवी चार-चाकी ड्राइव्हची पिकअप आपल्या आवाक्यात नाही. दुसरी जुनी घेतली तर तिचा इतिहास आपल्याला माहीत नसणार. ती खाणीवर चालली की नदीतून वाळू ओढत होती, कोण सांगणार? मीटर मागे फिरवलेले असू शकते. आपल्या गाडीचा प्रत्येक बदललेला भाग आपल्या वहीत तारखेसह आहे. इंजिन थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू होते. चालू इंजिनवर ऑइलचे झाकण सैल करून पाहिले, धुराचा लोट येत नाही. काळा धूर दम लावल्यावर थोडा, निळा नाही. निळा म्हणजे ऑइल जळते, तो आला की मी स्वतः विकायचा ठराव मांडीन. चेसिसच्या दोन्ही लांब दांड्या हातोडीने ठोकून पाहिल्या, आवाज टणक आहे. चेसिस सडली असती तर वरचे सगळे खर्च वाया. ती शाबूत आहे, म्हणून ही गाडी ठेवण्यासारखी आहे.

आता मोठ्या टायरांचे. दिसायला ते छान, हे कबूल. पण टायर उंच झाला की प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे चढावर गिअर जणू एक वरचा पडतो. क्लचवर ताण, ब्रेकवर ताण, मीटर खरा वेग कमी दाखवतो. शिवाय कंपनीच्या मंजूर रचनेबाहेर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. पुढच्या लोखंडी गार्डबद्दल तर केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना कारवाईचे पत्र दिले. धडकेत चुरडून धक्का पचवायचा तो पुढचा भाग गार्डमुळे आपले काम करत नाही, आणि पायी जाणाऱ्याला मार अधिक बसतो. आपल्या रस्त्यांवर पायी जाणारे कोण असतात? शाळेची मुले आणि डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते, तिथेही हे अडते.

माझा आग्रह आहे की देणगी गाडीच्या पोटाखाली खर्च व्हावी, जिथे फोटोत काही दिसत नाही.

पहिले, ब्रीदर. डिफरन्शियलला, ज्याला आपले मिस्त्री हाउसिंग म्हणतात, हवा आत-बाहेर जायला एक छोटे तोंड असते. घाट उतरून आलेले तापलेले हाउसिंग एकदम ओढ्याच्या गार पाण्यात बुडते, आतली हवा आकसते आणि ती बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. मग ऑइल दुधाच्या चहासारखे होते आणि दात खराब होऊ लागतात. यावर उपाय म्हणजे एक रबरी नळी लावून ते तोंड वर इंजिनच्या कप्प्यात नेऊन बांधणे. पुढचे हाउसिंग, मागचे हाउसिंग, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स, चौघांनाही. खर्च म्हटला तर एका टायरच्या किमतीत सगळे होऊन पैसे उरतील. एवढ्या पैशांत एवढे वाचवणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

दुसरे, दिवे. एलईडीची पट्टी लावण्याआधी आहेत ते दिवे का मिणमिणतात ते पाहावे. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट झिजलेल्या स्विचमधून, बारीक वायरमधून फिरून जातो आणि बल्बपर्यंत पोहोचेपर्यंत दाब उतरतो. बॅटरीपासून थेट जाड वायर, मधे रिले आणि फ्यूज, आणि स्विचने फक्त रिले चालू करायचा. बल्ब तेच ठेवायचे, ६०/५५ वॅटचे. काचा पिवळ्या पडल्या असतील तर बदलायच्या. धुक्यात वळण दिसेल आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याचे डोळेही दिपणार नाहीत. त्याच वेळी बॅटरीची आणि इंजिनची अर्थ पट्टी काढून, घासून, पुन्हा कसावी. रात्री दोन वाजता ‘सेल्फ घेत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा या गंजलेल्या पट्टीची असते, आणि लोक नवी बॅटरी आणतात.

तिसरे, मागचे पाटे. वजन जास्त जाते म्हणून एक पाटा वाढवू या, असे कोणीतरी दरवर्षी सुचवते. पाटा वाढवला की भरलेली गाडी बसत नाही, खरे, पण रिकामी गाडी दगडासारखी आदळते. आणि पेशंट असतो तेव्हा गाडी बहुधा रिकामीच असते. कळा सुरू झालेल्या बाईला त्या सीटवर बसवून मोलगीहून अक्कलकुव्याला आणा, म्हणजे वाढीव पाट्याचा अर्थ कळेल. थकलेले पाटे बदलावे, बुश नवे टाकावे, यू-बोल्ट बसवल्यावर पाचशे किलोमीटरांनी परत कसावे. वजनाचा प्रश्न पाट्याने सोडवायचा नाही, एक खेप वाढवून सोडवायचा. डिझेल लागेल. लागू द्या.

टायर मात्र नवे हवेत, त्याच मापाचे, चारही एकसारखे. चार-चाकी ड्राइव्हमध्ये पुढे नवे आणि मागे गुळगुळीत चालत नाहीत, दोन्ही आसांचे फेरे जुळत नाहीत. घेताना टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. ३२१९ असेल तर तो २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. दुकानात पडून म्हातारा झालेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

आता चालवण्याविषयी, कारण सुधारणा मिस्त्री करतो आणि नासाडी आपण. आपल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये मोकळीक देणारा भाग नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर चार चाके लावून वळलात तर पुढची चाके एका अंतराने, मागची दुसऱ्या अंतराने जातात आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. मग दांडा सुटत नाही, टायर खरवडतात. चिखल, वाळू, सुटी खडी, इथेच चार चाके. उलट, उन्हाळाभर दांड्याला हातच लावला नाही तर जूनमध्ये तो जागचा हलत नाही. म्हणून महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर चार चाके लावून चालवा, आतले ऑइल फिरू द्या. अवघड उतारावर गाडी थांबवून ‘लो’मध्ये टाका आणि इंजिनला गाडी धरू द्या. सतत ब्रेक दाबून उतरणारा ड्रायव्हर खाली पोहोचतो तेव्हा चाकातून वास येत असतो, आणि त्या वासाचा अर्थ ब्रेक संपत आले असा आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि ओल झालेले ऑइल तापले की उकळते. दोन वर्षांनी ते बदलायचेच, दिसायला स्वच्छ असले तरी.

घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. मिनिट-दोन मिनिटे चालू राहू द्या, टर्बो निवू द्या. तेवढ्यात एक छोटी प्रार्थना होते, मी करतो. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा खटका दर आठवड्याला सोडा. उन्हाळ्यात एअर फिल्टर उघडला की त्याच्या पुढच्या नळीत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर कितीही नवा असो, धूळ कुठून तरी थेट इंजिनात जाते आहे. आणि रेडिएटरमध्ये ओढ्याचे पाणी ओतू नका, कूलंटचा कॅन गाडीत असतो. एखादा मिस्त्री म्हणेल, थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गरम होणार नाही. त्याला नम्रपणे नाही म्हणा. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडच राहते, झिजते जास्त आणि डिझेलही जास्त पिते.

एक प्रसंग सांगतो, कारण तो आपल्या ड्रायव्हर दादांविषयी आहे आणि ते स्वतः कधी सांगणार नाहीत. श्रावणातली रात्र होती. पलीकडच्या पाड्यावर पहिलटकरीण अडली होती, १०८ ची गाडी घाटात दरड पडल्यामुळे येऊ शकत नव्हती. आम्ही ओढ्यापाशी पोहोचलो. दादा काठी घेऊन पाण्यात उतरले. मधोमध पाणी मांडीपर्यंत होते आणि ओढही होती. त्यांनी परत येऊन सांगितले, गाडी घालणार नाही. पलीकडून घरचे लोक ओरडत होते, आमच्यातलाही एक जण म्हणाला, देवावर विश्वास ठेवा आणि घाला. दादा म्हणाले, ‘ताई, गाडी मधेच बंद पडली तर या बाईला पुढे न्यायला काय उरेल?’ ताई म्हणजे सोबतची आपली नर्स. डिझेल इंजिनाने पाणी ओढले की कनेक्टिंग रॉड वाकतो, मग ना गाडी, ना वेळ. शेवटी पलीकडच्या सहा जणांनी बाईला बांबूच्या झोळीत घालून, दोर धरून, ओढा पार केला. गाडी तोंड फिरवून, इंजिन चालू ठेवून उभी होती. दरड पडलेला घाट सोडून लांबच्या रस्त्याने ग्रामीण रुग्णालय गाठले. आई आणि मुलगी दोघी बऱ्या आहेत.

यावरून कमिटीने ठराव केला, तो आज सगळ्यांसमोर सांगतो. पाण्यात गाडी घालायची की नाही हे चालवणारा ठरवेल. पाळक, डॉक्टर, मी, कोणीही त्याच्यावर दबाव आणणार नाही. तसेच मागच्या हौद्यात माणसे बसणार नाहीत. बाजाराच्या दिवशी लोक हात दाखवतात, पाय दुखत असतात, नाही म्हणताना जीव तुटतो. तरी नाही. केबिनमध्ये जागा असेल तेवढीच माणसे. लोक रागावतील, त्यांना आपण समजावू, ड्रायव्हरला एकट्याला बोलणी खायला लावू नका.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी पाच दिवस शहाद्याला गॅरेजमध्ये राहील. ब्रीदर, पाटे, ब्रेक, वायरिंग आणि टायर, सगळे तेव्हाच होईल. जुने काढलेले भाग दादा परत घेऊन येतील, ज्यांना पाहायचे असतील त्यांनी पाहावे. त्या पाच दिवसांत कोणाचे धान्य किंवा औषधे आणायची असतील तर एप्रिलअखेर वहीत नोंद करा. गरोदर मातांच्या तारखा आशाताईंकडून आधी मागवून ठेवा, म्हणजे त्या आठवड्यासाठी भाड्याची जीप सांगून ठेवता येईल.