निफासच्या चाळीस दिवसांतला ताप



देऊळगाव राजातल्या या बैठकीला मुलगेही आलेत, बरं वाटलं. विषय बायकांचा असला तरी बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला गाडी तुम्हीच काढता. कधी काढायची, एवढंच आज सांगायचं आहे.

वार पडली की गर्भाशयात ओली जखम राहते. तिथे जंतू वाढले की ताप येतो, ओटीपोट दुखतं, जाणाऱ्या स्रावाला घाण वास येतो. जुन्या बायका याला सुवारोग म्हणत. जंतू रक्तात पसरले तर एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो. सिझेरियननंतर धोका जास्त.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत 772 बायकांची बाळंतपणं आणि पुढचे दिवस घरोघरी जाऊन तपासले. 2004 साली तो अभ्यास छापून आला. दहातल्या एकीला जननमार्गाचा संसर्ग झाला होता. म्हणजे हा आजार दुर्मीळ नाही, आपल्या मोहल्ल्यातही असणारच.

पण आपल्याकडे निफास म्हटलं की बाई 'नापाक', मग स्रावाला वास येतो का हे तिला विचारणार कोण? तीही लाजेने बोलत नाही. ताप आला तर 'दूध दाटलं असेल' म्हणून एक गोळी देतात. ताप चार तास उतरतो, घर निर्धास्त झोपतं. शरीअतने या दिवसांत तिला नमाज माफ केली, रोजे पुढे ढकलले. ही तिला दिलेली सवलत आहे. चाळीस दिवस दवाखान्याची पायरी चढू नये, असं कुठेही सांगितलेलं नाही. लेडी डॉक्टर नसेल तर जीव वाचवण्यासाठी पुरुष डॉक्टरला दाखवायलाही मुभा आहे.

बाळंतपणात दगावलेल्या बाईला शहीदाचा दर्जा आहे, असं आपण मय्यतीत सांगतो. तो तिचा सन्मान आहे. आपल्या हलगर्जीपणावर टाकायची चादर नाही.

2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला 42 दिवस औषधं, तपासण्या, रक्त, गाडी मोफत आहे. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येते. तिला 'सब ठीक है' म्हणून दारातूनच परत पाठवू नका, बाळंतिणीशी एकटीने बोलू द्या.

घरात थर्मामीटर आणून ठेवा. 100.4 किंवा जास्त ताप, वास, धाप, बरळणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता 108 लावा. इथून पुढे पाठवलं तर जालना जवळ आहे, रात्रीच निघा.