पर्यटन : हौसेपासून व्यवसायापर्यंत

(बारावी व पदवीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी आयोजित व्यवसाय मार्गदर्शन व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



बारावीचा निकाल जवळ आला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, सनदी लेखापाल, स्पर्धा परीक्षा अशी एक ठरलेली यादी असते. पर्यटन हा विषय त्या यादीत सहसा नसतो. आलाच तर दोन वाटांनी येतो. ‘गुण कमी पडले, आता निदान हे तरी करू दे’, ही एक वाट. ‘फुकट फिरायला मिळेल, वर पगारही मिळेल’, ही दुसरी. या दोन्ही वाटांनी या क्षेत्रात शिरलेली मुले वर्षा-दोन वर्षांत निराश होऊन बाहेर पडतात.

मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर. पत्रकारितेच्या निमित्ताने लेणी, किल्ले, तीर्थक्षेत्रे आणि सहल कंपन्यांची कार्यालये जवळून पाहता आली. त्यावरून एक गोष्ट आपल्यापुढे ठेवावीशी वाटते. प्रवासाची आवड ही या शिक्षणाची पात्रता नव्हे. दुसऱ्याचा प्रवास सुखरूप आणि अर्थपूर्ण व्हावा, याची जबाबदारी अंगावर घेण्याची तयारी ही खरी पात्रता होय.

हा व्यवसाय आपल्याला परका नाही. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेल्या यात्रेकरूची उतरण्याची, भोजनाची आणि धर्मकृत्यांची व्यवस्था तिथले तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. त्यांच्या वह्यांमध्ये यजमानांच्या कित्येक पिढ्यांची नावे सापडतात. ग्राहकाची नोंद ठेवणे, त्याच्या घराण्याशी नाते जपणे, हे आज व्यवस्थापनशास्त्रात शिकवले जाते. आपल्याकडे ते दप्तरात बांधलेले होते.

आधुनिक सहलीचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी लेस्टरहून लाफबरोला सुमारे ५०० लोकांना आगगाडीने नेले. भाडे होते माणशी एक शिलिंग. त्यातून उभी राहिलेली ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाली, तेव्हा तिचे दीड लाखाहून अधिक ब्रिटिश प्रवासी परदेशात होते आणि त्यांना परत आणण्याची व्यवस्था सरकारला करावी लागली. (भारतात त्या नावाने चालणारी कंपनी स्वतंत्र आहे.) एका आगगाडीतून केवढा व्यवसाय उभा राहतो आणि हिशेब चुकला की पावणेदोनशे वर्षांची पुण्याई कशी संपते, हे दोन्ही धडे या एकाच उदाहरणात आहेत. आपल्याकडे केसरी पाटील यांनी १९८४ साली स्वतःची सहल कंपनी काढली. ते मूळचे शिक्षक. मराठी मध्यमवर्गाला घराबाहेर पडताना काय हवे असते, जेवणापासून सोबतीपर्यंत कशाची धास्ती वाटते, हे त्यांनी ओळखले, आणि व्यवसाय उभा राहिला तो या ओळखीवर.

विद्यापीठात नेमके काय शिकवतात, असे पालक विचारतात. पर्यटनाचा भूगोल, इतिहास व वारसा, विमानाची तिकिटे काढण्याची संगणकीय पद्धत, पारपत्र व व्हिसाचे नियम, सहलीची आखणी, खर्चाचा अंदाज, विपणन, कायदा, एखादी परकीय भाषा, असा साधारण अभ्यासक्रम असतो. ऐकताना हे सोपे वाटते. एक उदाहरण पाहा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर, तर अजिंठा जवळजवळ १०० किलोमीटर. ज्याने हे ध्यानात न घेता सोमवार-मंगळवारची दोन दिवसांची सहल आखली, त्याने क्रम चुकवला तर चाळीस माणसांचे दोन्ही दिवस वाया गेले. क्रम उलटा केला, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा ठेवला, की तीच सहल सुरळीत पार पडते.

दुसरे उदाहरण हिशेबाचे. समजा, एका सहलीच्या बसचे भाडे आणि सहल व्यवस्थापकाचा खर्च मिळून २ लाख ४० हजार रुपये होतो. चाळीस प्रवासी आले तर माणशी ६ हजार रुपये. पण दहा जणांनी आयत्या वेळी नावे मागे घेतली, तर तोच खर्च माणशी ८ हजारांवर जातो. जाहिरातीत छापलेला दर मात्र बदलता येत नाही. हा फरक कुठून भरून काढायचा, याचा विचार सहल निघण्यापूर्वी करणे म्हणजे पर्यटन व्यवस्थापन. कलाशाखेच्या मुलांना गणित नको असते. त्यांनी हे आत्ताच लक्षात घ्यावे.

मात्र केवळ हिशेबाने पर्यटन होत नाही. माणूस एवढा खर्च करून, एवढा प्रवास करून जे पाहायला येतो, ते त्याला समजावून देणारा कोणीतरी लागतो. वेरूळच्या ३४ लेण्यांत १२ बौद्ध, १७ हिंदू आणि ५ जैन आहेत. कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले. ‘आधी कळस, मग पाया’ हे वाक्य सगळेच सांगतात. पण खोदताना एखादा हत्ती किंवा स्तंभ चुकला असता, तर दगड परत जोडता आला नसता, हे जो सांगतो त्याच्यासमोर प्रवासी क्षणभर स्तब्ध होतो. शेजारीच घृष्णेश्वर. त्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्यादेवी होळकरांनी केला, आणि भोसले घराणे याच वेरूळचे. लेणी, ज्योतिर्लिंग आणि स्वराज्य यांचा धागा दोन तासांत, पुराव्याला धरून जोडून दाखवणे, हे काम घोकलेल्या माहितीने होत नाही.

पुराव्याला धरून, हे शब्द मी मुद्दाम वापरतो. किल्ल्यावर प्रत्येक बुरुजाला एक कथा असते. रायगडावरील हिरकणीची कथा अवश्य सांगावी. परंतु ती आख्यायिका म्हणून सांगावी, आणि ६ जून १६७४ चा राज्याभिषेक इतिहास म्हणून. या दोहोंतील सीमारेषा जो सांभाळतो, त्याच्यावर सुशिक्षित प्रवासी विश्वास ठेवतो. आपल्या महापुरुषांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी पदरच्या गोष्टी जोडण्याची गरज नाही. ते मुळातच मोठे आहेत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तामिळनाडूतला. आपण सर्वांनी त्याचा आनंद साजरा केला. आता प्रश्न असा, की या किल्ल्यांवर देशोदेशीचे अभ्यासक येतील तेव्हा त्यांच्याशी बोलणार कोण? पायथ्याच्या गावातील मुलगा वाहनतळावर पावत्या फाडणार, त्याची बहीण पिठलं-भाकरी विकणार, आणि किल्ला सांगायला माणूस मुंबई-दिल्लीहून येणार, असे होऊ द्यायचे का? कष्टाचे कोणतेही काम हलके नाही. परंतु ज्या मुलाला किल्ल्याची प्रत्येक वाट, प्रत्येक टाके, पावसाळ्यात कुठली घसरण धोक्याची हे ठाऊक आहे, त्याच्या हातात पदवी आणि एक परकीय भाषा आली, तर त्याच्याइतका उत्तम मार्गदर्शक दुसरा सापडणार नाही.

गर्दीचे व्यवस्थापन हाही आता अभ्यासाचा विषय झाला आहे. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्यात पोहोचला आणि त्याने दहाव्या लेण्यात स्वतःचे नाव कोरून ठेवले. आपले नाव दगडावर लिहिणारे प्रवासी आजही कमी नाहीत. आज अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवून प्रवाशांना बसने लेण्यांपर्यंत नेतात. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली जाते आणि तिथल्या व्यवस्थेत आसपासच्या गावांचा सहभाग असतो. लोक यावेत, पण ज्यासाठी ते येतात ते टिकावेही, हे साधणारी शिकलेली माणसे पुढील काळात हवी आहेत.

शिक्षणाच्या सोयी अनेक आहेत. पर्यटन मंत्रालयाची ग्वाल्हेर येथील भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. गोव्यातही तिचे केंद्र आहे. संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा मार्ग खुला आहे. हॉटेल व्यवस्थापनाकडे कल असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पातळीवरील प्रवेश परीक्षा असते. खासगी संस्थाही पुष्कळ आहेत. तिथे शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी तीन प्रश्न विचारावेत : पदवी कोणत्या विद्यापीठाची? प्रत्यक्ष कामाचा अनुभव किती महिन्यांचा आणि कुठे? मागील दोन वर्षांचे विद्यार्थी आज काय करतात? ज्या संस्थेला या प्रश्नांचा राग येतो, तिथून उठून यावे.

पालकहो, या व्यवसायातील धोका मी लपवणार नाही. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमाने कित्येक दिवस जमिनीवर राहिली. मार्च २०२० मध्ये कोरोनाने सारा व्यवसायच ठप्प केला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली आणि काश्मीरचा ऐन हंगाम कोसळला. हंगाम आणि संकटे यांवर हेलकावणारे हे क्षेत्र आहे. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत, जेव्हा सगळे घरी असतात, तेव्हाच आपल्या मुलाला कामावर राहावे लागते. मुलीला सहल व्यवस्थापक व्हायचे असेल, तर वर्षातील कितीतरी दिवस ती घराबाहेर राहील. याला घराची मनापासून संमती हवी. आणि ती द्यावी, असे माझे मत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रवेशाची वाट न पाहता आजच तीन गोष्टी सुरू करा. एक भाषा धरा. जर्मन, फ्रेंच, जपानी, काहीही; पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषा शिकवणारा विद्यापीठाचा विभाग आहे. दुसरे, आपल्या गावाच्या वीस किलोमीटर परिघातील एक मंदिर, एक किल्ला किंवा एक लेणे निवडा आणि वर्षभर त्याचा अभ्यास करून टिपण तयार करा. तिसरे, घरातल्या आजी-आजोबांना घेऊन एक दिवसाची सहल स्वतः आखा. त्यांची औषधे, स्वच्छतागृह, पायऱ्या किती, ऊन किती, जेवण कुठे, हे सारे तुम्ही पाहायचे. संध्याकाळी आजी थकून न जाता प्रसन्न मनाने घरी परतली, तर समजा की या क्षेत्रात तुम्हाला पुष्कळ काम आहे. आणि त्या दिवसात स्वतःला फारसे काही पाहता आले नाही म्हणून तुम्ही हिरमुसला असाल, तर प्रवास जरूर करा. पण व्यवसाय दुसरा निवडा.