बाजाराची वेळ सांगणाऱ्यांची पारख

(व्याख्यानाचा मजकूर)

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना शेअर ही वस्तू नवखी नाही. सांगलीत १९१६ साली सांगली बँक निघाली. साताऱ्यात १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक उभी राहिली. २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये विलीन झाली, तेव्हा भागधारकांच्या हाती शेअरमागे २८ रुपये रोख पडले. २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली आणि ९२५ शेअरांच्या बदल्यात त्या बँकेचे १०० शेअर मिळाले. नवखा आहे तो अमुक दिवशी घ्या, तमुक दिवशी विका असे सांगणारा सल्लागार. निवृत्त शिक्षकाचे उपदान किंवा उसाचे बिल खात्यावर जमा होते न होते तोच त्याचा निरोप मोबाईलवर येतो. मग गावकरी शाळेत वा पंचायतीत येऊन विचारतात, "हा माणूस खात्रीचा आहे काय?" या प्रश्नाचे उत्तर सल्लागाराच्या वक्तृत्वात नसून त्याच्या जुन्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब तपासण्याची रीत ठरलेली आहे.

अमेरिकेतील आल्फ्रेड कौल्स यांनी १९३३ साली ही तपासणी प्रथम पद्धतशीरपणे केली. 'वॉल स्ट्रीट जर्नल'चे संपादक विल्यम हॅमिल्टन यांचा त्या काळी मोठा लौकिक होता. १९२९ च्या ऑक्टोबरात तेजीची ओहोटी लागल्याचे त्यांनी लिहिले व ते खरे ठरले. लोकांच्या स्मरणात तेवढेच राहिले. कौल्स यांनी मात्र १९०४ पासूनचे सारे लेख काढून ताळा केला. हॅमिल्टन यांनी ९० वेळा भूमिका बदलली होती. पैकी ४५ वेळा ती लाभाची ठरली, ४५ वेळा तोट्याची. त्यांच्या सल्ल्याने वागणाऱ्यास वर्षाला सुमारे १२ टक्के मिळाले असते. शेअर घेऊन नुसता स्वस्थ बसणाऱ्यास साडेपंधरा टक्के. बारा टक्के हा आकडा एकटा पाहिला तर कोणीही भुलेल!

तेव्हा पहिली मागणी संपूर्ण यादीची. बुडालेले, विलीन झालेले वा बाजारातून नाहीसे झालेले शेअर यादीतून गळाले असतील तर ती यादी खोटीच समजावी. युनायटेड वेस्टर्नचा शेअर आज बाजारात नाही, म्हणून तो चढ्या भावाने घेणाऱ्याचे नुकसान पुसले जात नाही.

दुसरे, प्रत्येक सल्ल्याची तारीख आधीची हवी. एखाद्याने १,०२४ घरांपैकी निम्म्यांना बाजार चढेल आणि निम्म्यांना उतरेल असे कळविले, व दर आठवड्यास ज्यांना खरे सांगितले गेले त्यांनाच पुढचा निरोप धाडला, तर पाच आठवड्यांनंतर ३२ घरांना तो त्रिकालज्ञ वाटेल. त्यात विद्या काडीची नाही. उरलेली ९९२ घरे एकमेकांना भेटत नाहीत, इतकेच.

तिसरे, बाजारातून बाहेर पडण्याचा सल्ला खरा ठरला तरी परत केव्हा शिरावे हेही सांगावे लागते. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स २५,९८१ वर आला होता. त्याच वर्षाअखेर तो ४७,७५१ वर होता. घसरणीत वेळीच विकून पुढे बाहेरच थांबलेल्यांचा सल्लागार अर्धाच बरोबर होता.

सांगलीच्या बाजारात हळद विकणारा शेतकरी नुसत्या भावावर भुलत नाही. हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर काय उरले ते पाहतो. येथेही दलाली, सल्लागाराची फी आणि कर वजा करावेत. २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या नोंदणीकृत शेअरांच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. वारंवार विकावयास लावणाऱ्या सल्ल्याची ही किंमत जाहिरातीत क्वचितच दिसते. सेबीच्या २०२४ मधील पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात वायदे व पर्याय व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांतील कित्येकांना कोणी ना कोणी वेळ सांगणारा भेटलाच असेल.

सल्लागाराची नोंदणी २०१३ च्या विनियमांनुसार सेबीकडे असावी लागते. तिचा क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. परंतु नोंदणी हा कौशल्याचा दाखला नव्हे. खात्रीच्या परताव्याचे आश्वासन देणाऱ्याशी तर पुढे बोलणेच नको. शासकीय कर्मचाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे: महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये त्यांना शेअरांचा सट्टा वर्ज्य आहे, आणि वरचेवर केलेली खरेदीविक्री सट्ट्यातच मोडते.

गावकऱ्यांना सांगण्याजोगा उपाय साधा आहे. एक वही घालावी. सल्ला आला त्या दिवशीच तारीख, शेअरचे नाव व भाव लिहावा. शेजारच्या रकान्यात त्या दिवशीचा निर्देशांक. दोन वर्षे एक रुपयाही न गुंतविता ही वही चालवावी, आणि मग दोन्ही रकान्यांची बेरीज शाळेतल्या गणिताच्या गुरुजींकडून करून घ्यावी.